उपटून बघायचं नाही

दिवाळीचा किल्ला मोडायची वेळ आली की घरोघरी एक वाद ठरलेला. मावळे, तोफा, प्लास्टिकचा वाघ हे सगळं डब्यात भरायला मुलं तयार असतात, पण किल्ल्याच्या उतारावर उगवलेलं अळीव काढायला काही केल्या तयार होत नाहीत. त्यांनी पेरलेलं, त्यांनीच पाणी शिंपडलेलं, तीन-चार दिवसांत हिरवंगार झालेलं. आणि आता आई म्हणते, गॅलरी धुवायचीय. या भांडणात माझं मत मुलांच्या पारड्यात पडतं. तरी अळिवाचं पुढे फारसं काही होत नाही, हेही खरंच. म्हणून पालकांनो, यंदा ती माती पोत्यात भरून कोपऱ्यात सरकवलीत की मुलांच्या हातात एक नवं काम द्या. लॅव्हेंडरची फांदी लावायचं.

लॅव्हेंडरच का, ते सांगते. एक तर वेळ जुळून येते. पुणे, नाशिक, सातारा अशा पठारावरच्या गावांत दिवाळीनंतर हवा कोरडी होते, रात्री गार होतात, आणि लॅव्हेंडरला हीच हवा मानवते. मूळचं ते भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, कोरड्या डोंगरांवरचं झुडूप. जास्वंद, मोगरा, कण्हेर यांच्या फांद्या आपण पावसाळ्यात मातीत खोचतो आणि विसरून जातो, आणि त्या आपापल्या जगतात. लॅव्हेंडरची फांदी पावसाळ्यात खोचली तर बुडाशी काळी पडून माना टाकते. नोव्हेंबर ते जानेवारी हे तिचे महिने.

दुसरं म्हणजे बाजारातून आणलेलं लॅव्हेंडर आपल्याकडे फार दिवस राहत नाही. थंडीत छान दिसतं, उन्हाळा कसाबसा काढतं आणि जुलैत पावसाची झड लागली की मुळं कुजून जातं. त्यातून तगलंच, तर काही वर्षांत खालून लाकडासारखं जून होतं. बुडाशी पानं राहत नाहीत आणि त्या जून लाकडातून नवी पालवी सहसा फुटत नाही. म्हणून ज्याला हे झाड घरात हवंय त्याला दर हिवाळ्यात काड्या लावून ठेवाव्याच लागतात. म्हणजे हे मुलांना गुंतवून ठेवायला काढलेलं काम नाही, घराची गरज आहे. मुलांना हा फरक चटकन कळतो. आपल्याला नुसतं रमवायला दिलेलं काम त्यांना लांबून ओळखू येतं.

तिसरं कारण मुलांपेक्षा आपल्यासाठी आहे. लॅव्हेंडरची काडी मुळं धरायला चार ते सहा आठवडे घेते, आणि तेवढ्या काळात वरून काही म्हणजे काही दिसत नाही. कुंडीत काडी उभी असते, बस. तुम्हाला वाटेल, इतके दिवस मूल कसं थांबेल? मूल थांबतं. दोन दिवस चौकशी करतं, मग खेळायला जातं, आठवड्याने पुन्हा येऊन बघतं. थांबवत नाही ते आपल्यालाच. ‘अगं, बघितलंस का आज?’, ‘पाणी घातलंस का?’, ‘मला नाही वाटत हे जगेल’ ही सगळी वाक्यं मी मोठ्या माणसांच्याच तोंडून ऐकली आहेत.

आता फांदी आणायची कुठून? नर्सरीतून एक रोप आणून त्याच्या काड्या करता येतात. पण सोसायटीत कुणाकडे लॅव्हेंडर असेल तर मुलालाच मागायला पाठवा. तुम्ही दारामागे उभं राहा हवं तर, बोलायचं त्यानं.

‘काकू, तुमच्या लॅव्हेंडरची फांदी देता? आम्हाला लावायचीय.’

‘किती हव्यात?’

इथे बहुतेक मुलं लाजून ‘एक’ म्हणतात. आधीच शिकवून ठेवा की दहा-बारा मागायच्या, कारण त्यातल्या निम्म्या जातातच. आणि फुलं आलेल्या दांड्या नकोत, नुसत्या पानांच्या हव्यात, हेही सांगायचं. एवढं नेमकं मागणाऱ्या मुलाला काकू नाही म्हणत नाहीत. उलट स्वतः कात्री घेऊन येतात, वर दोन सूचना देतात आणि पुढचे दोन महिने जिन्यात भेटल्यावर ‘काय रे, फुटली का मुळं?’ विचारत राहतात. आपल्याकडे मनी प्लांट चोरून आणला की जोमात वाढतो अशी एक गोड समजूत आहे. ती लॅव्हेंडरला लागू करू नका. बागेतल्या, हॉटेलाच्या दारातल्या झाडाची फांदी मुलासमोर मोडलीत तर त्यातून ते बागकाम सोडून भलतंच शिकेल.

काड्या सकाळी घ्याव्यात. ऊन चढायच्या आधी फांदी पाण्यानं भरलेली असते. चार बोटं लांबीच्या, म्हणजे सात ते दहा सेंटिमीटरच्या. शेंडा कोवळा, पण बुडाशी किंचित टणक. वाकवली तर लवावी, पिचू नये. अगदी हिरवी लुसलुशीत लवकर सडते, तपकिरी जून फांदी मुळं धरत नाही. कळी असेल तर फांदी सोडून द्या, कारण तिची सगळी ताकद फुलाकडे चाललेली असते. घरी पोचेपर्यंत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या.

कापाकापी सुरू करण्याआधी पाच मिनिटं थांबा आणि मुलाला एक काडी अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून हळूहळू फिरवायला सांगा. बोटांना कडा लागतात. एक, दोन, तीन, चार. कोवळी काडी गोल नसते, चौकोनी असते. मग त्याला तुळशीपाशी न्या. तुळशीची कोवळी फांदी फिरवून बघू दे. मग फ्रिजमधला पुदिना. मग कुंडीत असेल तर जाड पानांचं ओव्याचं झाड. सगळ्या काड्या चौकोनी! ही सगळी एकाच कुळातली. तुळस, पुदिना, सब्जा, रोझमेरी आणि लॅव्हेंडर. लॅव्हेंडर ही अंगणातल्या तुळशीची परदेशी नातेवाईक आहे हे मुलानं बोटांनी शोधून काढलं की पुस्तकातला कुळांचा धडा वेगळा समजवावा लागत नाही. आणि आपल्या सह्याद्रीतही लॅव्हेंडरची एक जात रानोमाळ उगवते. घोडेघुई म्हणतात तिला. पावसाळ्यानंतर खडकाळ उतारांवर बारीक, चिरलेल्या पानांची, निळसर जांभळ्या तुऱ्यांची दिसते. ट्रेकला गेलात तर दाखवा. आणायची मात्र नाही, तिथेच बरी आहे.

आता ब्लेड. ते तुमच्या हातात. मूल मोठं असेल तर त्याच्या हाताला हात लावून. ब्लेड सॅनिटायझरनं पुसून घ्या, कारण बोथट किंवा घाण पात्यानं काडी चेचते आणि तिथूनच बुरशी शिरते. जिथे पानांची जोडी फुटते त्या पेराच्या अगदी खाली काप द्यायचा. मुळं सहसा तिथूनच फुटतात. मग खालच्या निम्म्या भागातली पानं काढायची. हे काम पूर्णपणे मुलाचं. पान जोरात ओढलं तर साल सोलून निघते, हलकेच ओढलं तर अलगद सुटतं. दोन-तीन काड्यांची साल जाईल, जाऊ द्या. तोवर सगळं घर लॅव्हेंडरच्या वासानं भरलेलं असतं आणि मूल दर मिनिटाला बोटं हुंगत असतं. शाळेत जातानाही हात धुवायला तयार नसतं. पण काडीला मुळं फुटावीत म्हणून मिळणारी पावडर वापरणार असाल तर हात धुणं आलंच, आणि बोटं तोंडात घालायची नाहीत हे बजावणंही आलं.

त्या पावडरीमागे एक गोष्ट आहे. मुलांना झोपताना सांगण्यासारखी, कारण तिच्यात बाप-लेकांच्या दोन जोड्या आहेत. पहिली जोडी चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस. गवताचं कोवळं रोप उजेडाकडे वाकतं हे सगळ्यांनाच दिसतं. या दोघांनी रोपांच्या शेंड्यांवर चिमुकल्या टोप्या घातल्या. टोपी घातलेली रोपं वाकेनात. वाकायची जागा शेंड्याच्या खाली होती, तरी! म्हणजे उजेड शेंड्याला कळतो आणि शेंडा खाली काहीतरी निरोप पाठवतो. 1880 साली त्यांचं वनस्पतींच्या हालचालींवरचं पुस्तक आलं तेव्हा चार्ल्स डार्विन यांनी सत्तरी ओलांडली होती, आणि पुस्तकावर वडिलांच्या नावाबरोबर मुलाचंही नाव होतं.

दुसरी जोडी नेदरलँड्समधल्या उट्रेख्टची. वडील तिथल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आणि मुलगा फ्रिट्स व्हेंट वडिलांच्याच प्रयोगशाळेत काम करणारा. त्यानं ओटच्या रोपांचे शेंडे कापून अगारच्या चकत्यांवर ठेवले. अगार म्हणजे आपण पुडिंगमध्ये घालतो ते चायना ग्रास. थोड्या वेळानं शेंडे काढून टाकले आणि नुसती चकती शेंडा नसलेल्या बुंध्याच्या एका कडेवर ठेवली. रोप वाकलं! शेंड्याचा निरोप चायना ग्रासमध्ये उतरला होता. 1928 मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं. त्या निरोपाला आज आपण ऑक्सिन म्हणतो. पुढच्या काही वर्षांतच कळलं की हेच रसायन कापलेल्या फांदीला मुळं फोडतं. शेंड्यात ते तयार होतं, काडीतून खाली उतरतं, आणि कापलेल्या जागी वाट संपते म्हणून साठून राहतं. तिथल्या पेशी मग मुळं तयार करण्याच्या मागे लागतात. लावताना काडीचा शेंडा खुडायचा नाही, ते याचसाठी. नर्सरीतल्या डबीत जी पांढरी पूड मिळते तिच्यातही बहुधा इंडोल ब्युटिरिक आम्ल, म्हणजे ऑक्सिनचाच एक प्रकार असतो.

पावडर नसली तरी अडत नाही. लॅव्हेंडर तिच्याशिवायही मुळं धरतं, थोडं सावकाश. मध, दालचिनी, हळद यांच्याबद्दल बरंच बोललं जातं. बुरशीला या गोष्टी थोडा आळा घालत असतील, मुळं फोडण्याचं काम त्यांचं नाही. पण तुमचं ऐकण्यापेक्षा मुलाला स्वतः बघू द्या. निम्म्या काड्या पावडर लावून एका कुंडीत, निम्म्या तशाच दुसऱ्या कुंडीत. एवढं केलंत की त्याच्या हातात खराखुरा प्रयोग आहे, आणि त्याचं उत्तर तुम्हालाही आधी माहीत नाही. आईबाबांनाही उत्तर माहीत नाही ही गोष्ट मुलांना किती आवडते म्हणून सांगू!

किल्ल्याची माती इथे मात्र चालणार नाही. ती चिकट, पाणी धरून ठेवणारी. निम्मी जाडसर धुतलेली वाळू किंवा परलाइट आणि निम्मं कोकोपीट एवढंच मिश्रण करा. शेणखत, गांडूळखत काही नको, मुळंच नाहीत तर खाणार कोण? कुंडी मातीची, लहान, खाली भोक असलेली. मिश्रण आधी ओलं करून घ्या, पेन्सिलीनं खड्डा पाडा आणि मगच काडी आत सोडा. थेट खुपसली तर पावडर वरच पुसली जाते. काड्या कुंडीच्या मधोमध न लावता कडेकडेनं लावायच्या. मातीच्या कुंडीच्या भिंतीलगत हवा खेळती असते, पाणी लवकर निथळतं. एका कुंडीत पाच-सहा काड्या. शेजारी आइस्क्रीमची काडी खोचून तिच्यावर तारीख लिहायची, पेनानं लिहू नका, पेन्सिलीनं लिहा. शाई पाण्यानं उडते, पेन्सिल राहते.

वरून अर्धी कापलेली पाण्याची बाटली पालथी घालता येते, म्हणजे पानं सुकत नाहीत. तिचं झाकण काढून टाका आणि रोज थोडा वेळ बाटलीच उचलून ठेवा. लॅव्हेंडरच्या पानांवर बारीक लव असते, त्यात दमट हवा कोंडली की राखाडी बुरशी धरते. कुंडी अशा जागी ठेवायची जिथे उजेड भरपूर, पण थेट ऊन नाही.

आणि आता पाणी. इथे खरा पेच आहे. मुलांची माया पाण्यातून व्यक्त होते. झाड आवडलं की मूल पाणी घालतं, उदास दिसलं की आणखी घालतं, पाहुणे आले की त्यांना दाखवायला पुन्हा घालतं. लॅव्हेंडरच्या काड्या तहानेनं मरतात त्याहून कितीतरी जास्त या मायेनं मरतात. ‘घालू नकोस’ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. त्याला झारीऐवजी बोट द्या. मातीत पहिल्या पेरापर्यंत बोट घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. तेही वरून नाही. ताटलीत पाणी ओतून कुंडी त्यात ठेवायची, वरची माती ओलसर दिसली की उचलून घ्यायची. रोज बोट घालून बघण्यात त्याची माया भागते आणि काडीही वाचते. एवढं करूनही त्याला पाणी घालायचंच असेल तर तुळस आहे, तिची तक्रार नाही.

पंधरा दिवस होतात. काडी अजून हिरवी आहे, पण त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. काही काड्या मुळं नसतानाही शेंड्याशी हिरव्या राहतात. या दिवसांत एक मोह होतो, काडी हळूच वर काढून बघण्याचा. मुलाला होतो आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही. काडीच्या टोकाशी त्या वेळी पांढुरक्या पेशींचा एक गड्डा तयार होत असतो, मुळं त्याच्याच आसपास येतात. उपटलंत की तो मोडतो आणि सगळं पहिल्यापासून. चार आठवडे झाल्यावर एकदाच, दोन बोटांत शेंडा धरून अगदी हलका ताण द्यायचा. काडी सुटून येऊ लागली तर सोडून द्या, माती दाबा. आतून कुणी धरून ठेवल्यासारखं जाणवलं तर मुळं फुटली. पहिल्यांदा ते धरणं बोटांना कळतं तेव्हा मुलाचा चेहरा बघा. ‘आई, ती सोडत नाहीये!’ एवढंच ओरडतं. त्याच सुमारास शेंड्याशी नवी, फिकट हिरवी पानं दिसतात, कधी कुंडीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावतं.

पण सगळ्याच काड्या काही सोडायचं नाकारत नाहीत, आणि मला जे बोलायचंय ते इथेच. डझनभर काड्यांतल्या पाच-सहा मरतील. कधी सगळ्याच मरतील. त्या वेळी तुम्ही काय करणार?

आमच्या ओळखीतल्या एका बाबांनी काय केलं ते सांगते. मुलगा सहलीला गेला होता, इकडे त्याच्या काड्या एकेक करून काळ्या पडल्या. बाबांना बघवेना. ते रविवारी नर्सरीत गेले, लॅव्हेंडरचं छोटं रोप आणलं, कुंडीत लावलं, शेजारी तीच तारखेची काडी खोचली. मुलगा आला, खूश झाला. बाबाही खूश. मग त्यानं सवयीनं पान चोळून वास घेतला आणि थांबला. पान निरखून बघितलं. कडेला बारीक दाते होते. त्यानं लावलेल्या काड्यांची पानं सरळ कडांची होती, ती त्यानं स्वतःच्या हातानं एकेक करून सोडवली होती. नर्सरीतलं लॅव्हेंडर दातेरी पानांच्या जातीचं होतं. ‘बाबा, हे माझं नाही,’ एवढंच म्हणाला तो. त्यानंतर त्या कुंडीकडे त्यानं वळूनही बघितलं नाही. रोप मात्र छान वाढलं, दातेरी जात आपल्या उन्हाला जास्त सोसते. बाबाच त्याला पाणी घालत होते.

त्या बाबांना मी हसत नाही. मुलाचा हिरमोड होऊ नये एवढंच त्यांना हवं होतं. आपण सगळेच हे करतो. पटावर मुद्दाम हरतो, चित्रात हळूच रेघ ओढून देतो, शाळेचा प्रकल्प रात्री बारा वाजता स्वतः पूर्ण करतो. त्यातलं बरंचसं चालूनही जातं. पण जिथे मुलानं हात लावून काम केलेलं असतं तिथे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहिती असते, आणि तिथे आपली लबाडी पकडली जाते. पकडली गेल्यावर त्याला जे कळतं ते असं, की माझ्या काड्या मेल्या ही गोष्ट इतकी वाईट आहे की बाबांनी ती लपवली.

मेलेली काडी लपवू नका. उलट आता उपटायची परवानगी आहे! मेलेली काडी मुलालाच उपटू द्या आणि टोक बघू द्या. काळं, मऊ, कुजट वासाचं असेल तर पाणी जास्त झालं. कडकडीत, सुकलेलं असेल तर पाणी कमी किंवा ऊन जास्त. हिरवं आहे पण गड्डा नाही, तर काडीच चुकीची निवडली, फार कोवळी किंवा फार जून. आइस्क्रीमच्या काडीच्या मागच्या बाजूला तेही लिहायचं. ‘पाणी जास्त’ एवढे दोन शब्द. मुलं हे अगदी डॉक्टरी थाटात करतात, रडारड होत नाही. रडलंच तर रडू द्या, आपणही शेजारी बसावं. ‘जाऊ दे, आपण नवं आणू’ हे वाक्य तेवढं गिळून टाका. जानेवारी संपेपर्यंत पुन्हा काड्या लावता येतात, आणि काकू आहेतच.

मूल म्हणजे कोवळं रोपटं वगैरे मी काही म्हणणार नाही. मुलांनी ते प्रत्येक स्नेहसंमेलनात ऐकलेलं असतं.

मुलाला एक प्रश्न हमखास पडतो. काकूंच्या झाडाची फांदी लावली, मग हे झाड नवं की जुनं? उत्तर जरा गंमतीचं आहे. बीपासून आलेलं रोप आई-बापांपेक्षा थोडं वेगळं निघतं, फांदीपासून आलेलं मात्र हुबेहूब तेच झाड असतं. तोच वास, तोच रंग, तीच पानाची कड. फ्रान्समधल्या प्रोव्हान्सची जांभळी शेतं आपण कॅलेंडरवर बघतो, त्यातली बरीचशी लॅव्हेंडरच्या संकरित जातीची असतात. तिला रुजणारं बी येतच नाही. माणसानं फांदी लावली नाही तर ती पुढे जाणार नाही, म्हणून तिथल्या ओळीच्या ओळी फांदीपासून केलेल्या आहेत.

इतक्या लांब जायलाही नको. जम्मू-काश्मीरच्या डोडा जिल्ह्यात भद्रवाह आहे. तिथले डोंगरउतारावरचे शेतकरी पिढ्यान् पिढ्या मका घेत. जम्मूच्या भारतीय समवेत औषध संस्थेनं, म्हणजे सीएसआयआरच्या प्रयोगशाळेनं, तिथे लॅव्हेंडर नेलं. 2016 मध्ये सुरू झालेल्या अरोमा मिशनमध्ये शेतकऱ्यांना रोपं फुकट दिली, तेल काढायची भट्टी दिली. पुढे कित्येकांनी स्वतःच काड्या लावून रोपवाटिका केल्या, आणि फुला-तेलाबरोबर रोपं विकणं हाही धंदा झाला. 2022 मध्ये भद्रवाहला लॅव्हेंडर महोत्सव भरला, आणि 2024 च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या संचलनात या ‘जांभळ्या क्रांती’चा चित्ररथ निघाला. तुमच्या गॅलरीतली कुंडी आणि त्या डोंगरावरची रोपवाटिका, दोन्हीकडे काम एकच चाललेलं असतं. हे ऐकलं की मुलं काड्या मोजायला लागतात. दहा काड्यांची दहा झाडं, दहा झाडांच्या शंभर काड्या. मोजू द्या, गणिताचा तास फुकट.

मुळं धरलेल्या काड्या फेब्रुवारीच्या सुमारास वेगवेगळ्या कुंड्यांत हलवायच्या. इथे माती चालते, पण निम्मी वाळू किंवा बारीक खडी मिसळून. लॅव्हेंडरला आंबट माती आवडत नाही, म्हणून चिमूटभर चुनखडीची पूड घालतात. खत नावापुरतं. आठवडाभर सावलीत, मग सकाळचं ऊन, मग हळूहळू पूर्ण ऊन. रोपानं जीव धरला, नवी पानं फुटली की शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूनं फांद्या फुटून झुडूप भरतं. आतापर्यंत ज्या शेंड्याला जपलं तोच खुडायचा म्हटल्यावर मूल हात मागे घेईल. समजावा, पण खुडू त्यालाच द्या. पहिल्या वर्षी आलेली कळीही काढतात. मी मात्र एक दांडी ठेवू देते. सहा महिने राबलेल्या माणसाला एक फूल बघायचा हक्क आहे, शास्त्र काहीही म्हणो. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हापासून आडोसा आणि जूनमध्ये पहिला पाऊस यायच्या आत कुंड्या छपराखाली. एक रोप काकूंना परत द्यायचं. ते द्यायलाही मुलालाच पाठवा.

मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्याच्या पालकांना मी लॅव्हेंडरचा आग्रह करणार नाही. तिथल्या दमट हवेत ते रडतखडत राहतं आणि मूल विनाकारण खट्टू होतं. त्यांनी ओव्याचं झाड घ्यावं. कृती थोडीफार हीच, शिवाय त्याची फांदी मोडून खोचली तरी फुटते आणि पानांची भजी होतात.

आणि ज्यांच्या घरात ऊनच येत नाही, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे, त्यांचं काय? त्यांनी भाजीवाल्याकडून पुदिन्याची ताजी जुडी आणावी. त्यातल्या चार धडधाकट काड्या मुलानं निवडाव्यात, चौकोनी आहेत का ते फिरवून बघावं, खालची पानं काढून काचेच्या ग्लासात पाण्यात ठेवाव्यात आणि पाणी दोन दिवसांनी बदलावं. आठवड्या-दोन आठवड्यांत पांढरी मुळं काचेतून दिसतात, उपटून बघायची गरजच नाही. बाकीच्या जुडीची चटणी करा.